मशीन घ्यायच्या आधी एवढं वाच

ठाणे, रविवार

प्रिय पक्या,

तुझा बॉनेटचा फोटो बघितला, आणि त्याखाली "पॉलिशिंग मशीन ऑफरमधे आहे, घेऊ का?" हे पण वाचलं. उत्तर टाईप करायला घेतलं तर ते लांबतच गेलं, म्हणून म्हटलं सरळ पत्रच लिहू, तसंही फोनवर आपलं गाडीवरून सुरू होतं आणि पोरांच्या फीवर संपतं.

तर घे मशीन. पण तू लिंक पाठवलीयेस ती रोटरी आहे, म्हणजे घासायचं गोल पॅड एकाच आसाभोवती फिरवणारी, ती नको. आणि जी घेशील ती पण आल्या आल्या स्वतःच्या गाडीला लावायची नाही.

आधी ते फोटोतले गोल गोल चरे. तुला वाटतंय आधीच्या मालकाने बॉनेट गोल गोल घासलंय. तसं नाहीये. चरे सगळीकडून आहेत, आडवे उभे तिरके कसेही, पण उजेडाला जे आडवे येतात तेवढेच चमकून आपल्याला दिसतात, म्हणून प्रत्येक दिव्याभोवती वर्तुळ असल्यासारखं वाटतं. मोबाईलचा टॉर्च बॉनेटवर धर आणि हळूहळू सरकव, ते वर्तुळ पण टॉर्चबरोबर सरकेल. पांढऱ्या गाडीवर पण एवढेच चरे असतात रे, फक्त दिसत नाहीत. तू घेतलीस काळी. सेकंडहँड आणि वर काळी, तुला कोपरापासून नमस्कार.

आता हे येतात कुठून. आमच्या सोसायटीत पहाटे पाचला एक जण येतो, एक बादली, एक फडकं आणि तीसेक गाड्या. तिसऱ्या-चौथ्या गाडीला ते पाणी चहासारखं झालेलं असतं आणि घोडबंदर रोडची धूळ म्हणजे तुला माहितीये, मेट्रोचं काम, सिमेंट मिक्सर, रात्रभर चालणारे ट्रेलर. ती बारीक वाळू फडक्यात अडकते आणि तेच फडकं पुढच्या गाडीवर. त्या माणसाला मी दोष देत नाही, महिन्याला आपण जे हातावर टेकवतो त्यात तो प्रत्येक गाडीला पाणी बदलेल ही अपेक्षा करणारा माणूस वेडा आहे, आणि बदलायचं म्हटलं तरी पाणी आणणार कुठून, आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर येतो तेव्हा अंघोळीचे वांधे. मी त्याला सांगून टाकलं की पैसे तेवढेच घे पण माझ्या गाडीच्या फक्त काचा आणि टायर कर, पत्र्याला हात लावू नकोस. आधी त्याला वाटलं मी काढून टाकतोय. मग टॉर्च लावून दाखवलं तर म्हणाला, साहेब हे तर सगळ्याच गाड्यांना आहे. मी म्हटलं हो ना.

दसऱ्याचं पण सांगून ठेवतो, आईला वाईट वाटू न देता कर काय ते. झेंडूचा हार बॉनेटवर बांधून आपण गावभर फिरतो, तो दोरा आणि देठ वाऱ्याने तिथेच घासत राहतात. कुंकवाचा स्वस्तिक ओल्या बोटाने काढून दोन दिवस उन्हात ठेवला तर डाग बसतो. मी हार ग्रिललाच बांधतो आणि स्वस्तिक काचेच्या कोपऱ्यात काढतो, देवाला चालतं.

आता मुद्द्याचं. पॉलिश म्हणजे लोकांना वाटतं गाडीला काहीतरी लावलं आणि ती चमकली. पॉलिश कल्हईच्या बरोब्बर उलट आहे. कल्हईत भांड्यावर थर चढतो, इथे तू थर उतरवतोयस. पत्र्यावर आधी गंज न लागण्यासाठीचा कोट, मग प्रायमर, मग रंग, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. कंपनीतनं आलेल्या गाडीवर हे सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन, त्यात क्लिअर कोट ३५ ते ५०. १००० मायक्रॉनचा एक मिलीमीटर, आता तूच हिशोब कर. चरे आहेत ते ह्या क्लिअर कोटमधे. चरा भरत नसतो, त्याच्या आजूबाजूची पातळी त्याच्या तळापर्यंत खाली आणायची, मग तो दिसेनासा होतो. आणि ऊन अडवायचं काम पण ह्याच थराचं, तो फार पातळ झाला की काही वर्षांनी छतावर नि बॉनेटवर पांढरे पापुद्रे सुटायला लागतात, जुन्या टॅक्सींवर बघितले असशील. म्हणजे तुझ्या गाडीला असं चांगलं करेक्शन, म्हणजे चरे काढायचं काम, आयुष्यात मोजून काही वेळाच करता येणार. दर दिवाळीला करायची गोष्ट नाही ही.

ह्याच्यावरून लोकांना फसवतात कसं ते पण ऐक. बऱ्याच स्वस्त पॉलिशमधे तेल आणि फिलर असतं, ते चऱ्यात जाऊन बसतं, गाडी ताब्यात घेताना आरसा, आणि दोन-तीन धुण्यात चरे परत हजर. शेजारच्या विंगमधल्या एकाने असंच सर्व्हिसिंगला गाडी दिली, बरोबर 'पॉलिश पॅकेज', आणि वर रोटरीवर लोकरी पॅड लावून घाईत फिरवलेलं, त्याचे लाटांसारखे पट्टे राहिले, उन्हात अख्ख्या दरवाज्यावर हलताना दिसतात. त्याला होलोग्राम म्हणतात. सावलीत गाडी ताब्यात घेतली की कळतही नाही.

म्हणून रोटरी नको म्हणतोय. रोटरी एकाच आसाभोवती गरागरा फिरते, एका जागी जरा थांबलं की तिथला रंग तापतो. हात बसलेल्या माणसाकडे ती भारी चालते, आपल्याकडे नाही. तू ड्युअल अॅक्शन घे, डीए म्हणतात. त्यात पॅड फिरतं पण आणि छोट्या वर्तुळात हेलकावे पण घेतं, त्यामुळे उष्णता एका जागी साठत नाही आणि पट्टे पडत नाहीत. हेलकावा किती मोठा त्याला थ्रो म्हणतात, ८ मिमी, १५, २१ असे येतात. तुला १५ चं बास. २१ वालं सपाट छतावर सुसाट चालतं पण दरवाज्याच्या वळणांवर नवख्याला आवरत नाही. डीएचा एक स्वभाव आहे, जास्त दाबलं किंवा वाकडं धरलं की पॅड फिरायचं थांबतं आणि नुसतं थरथरतं, तेव्हा काहीच कापलं जात नाही, आपण मात्र घाम गाळत बसतो. पॅड ज्यावर चिकटतं त्या बॅकिंग प्लेटच्या कडेला मार्करने एक जाड रेघ मारून ठेव. रेघ फिरताना दिसतेय म्हणजे काम चालू आहे.

मी शिकलो ते वागळे इस्टेटमधल्या एका डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे, सगळे त्याला उस्ताद म्हणतात. त्याची पहिली अट, कुर्ल्याहून भंगारातलं बॉनेट आण, गाडी नको. आणलं, काळंच आणलं मुद्दाम. पहिल्याच दिवशी त्याने स्वतःची रोटरी त्या बॉनेटच्या उंच कडेवर धरली आणि म्हणाला बघत राहा. काही सेकंदात पॅड काळं व्हायला लागलं, मग कडेवर राखाडी रेघ उमटली, प्रायमर. क्लिअर कोट असलेल्या गाडीत पॅडवर रंग येता कामा नये, आला म्हणजे वरचा थर संपला, आता पेंटच. मला वाटतं ह्या गोष्टीचे शंभर व्हिडिओ बघूनही जे डोक्यात गेलं नसतं ते त्या एका रेघेने गेलं. कडांवर थर मुळातच पातळ असतो, आणि पॅडचा सगळा दाब तिथेच एकवटतो. म्हणून मी कडा, बॉडीच्या शार्प लाइन्स, काळी प्लास्टिकची पट्टी, रबर, सगळ्याला मास्किंग टेप लावतो. बंपरवर तर अजून हळू, प्लास्टिक उष्णता पसरवत नाही त्यामुळे ते पत्र्यापेक्षा लवकर तापतं, आणि साधा जाडी मोजायचा गेज तिथे चालत नाही.

मशीन लावायच्या आधीचं काम कंटाळवाणं आहे आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं. नीट धू. मग आयर्न रिमूव्हर मार, चाकांच्या ब्रेकमधून आणि रेल्वेतून उडणारे लोखंडाचे कण रंगात रुतलेले असतात, ते जांभळे होऊन ओघळतात, बघायला मजा येते पण वास भयानक, मास्क लाव. नंतर हात पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून बॉनेटवरून फिरव, खरखर लागली तर क्ले बार, म्हणजे रुतलेली घाण ओढून घेणारी मातीसारखी वडी, भरपूर लुब्रिकंट मारून. क्ले खाली पडला की टाकून द्यायचा, पैसे आठवायचे नाहीत. ह्यातलं काही गाळलंस तर तीच घाण पॅडखाली जाऊन नवीन चरे पाडेल.

मग टेस्ट स्पॉट. बॉनेटवर दोन बाय दोन फुटाचा चौकोन, आणि सुरुवात सगळ्यात सौम्य जोडीने, मऊ फोम पॅड आणि फिनिशिंग पॉलिश. त्याने भागलं तर तिथेच थांब. नाही भागलं तर तेच पॉलिश जरा कडक पॅडवर, तरी नाही तर कंपाउंड, म्हणजे जास्त कापणारं पॉलिश, आणि कंपाउंड वापरलं की नंतर परत बारीक पॉलिश आलंच कारण कंपाउंड स्वतःचा धुरकटपणा मागे ठेवतं, काळ्यावर तर हमखास. पॅडवर वाटाण्याएवढे चार-पाच ठिपके, मशीन बंद असतानाच गाडीला टेकवायचं नाहीतर सगळं तोंडावर उडतं, वेगाच्या एक-दोन नंबरवर पसरवायचं, मग चार-पाचवर नेऊन आधी आडव्या मग उभ्या ओळी, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीच्या अर्ध्यावर चढलेली. हात किती हळू? सेकंदाला साधारण एक इंच. तुला वाटेल मी थट्टा करतोय. नवीन माणूस इस्त्री फिरवल्यासारखा भराभर फिरवतो आणि मग म्हणतो पॉलिश फालतू आहे. दाब म्हणजे मशीनचं वजन आणि वर जरासा तळहात, बस. सगळं शिकणं ह्या हळू हातात आहे, खांदा दुखायला लागला की वेग आपोआप वाढतो, उस्ताद तेव्हा लगेच ओरडायचा, कर चहा. केबल खांद्यावरून मागे टाक, ती लोंबकळून दरवाज्याला घासत राहते.

प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशने साफ कर, निघालेला क्लिअर कोट आणि वाळलेलं पॉलिश त्यात साचतं आणि ते साचलं की कापणं बंद, गरम होणं चालू. आणि चौकोन पुसल्यावर खूश व्हायचं नाही. पॉलिशच्या तेलाने चरे लपतात. पाण्यात मिसळलेलं आयपीए, आयसोप्रोपिल अल्कोहोल, मारून पुस आणि मग टॉर्च लाव. खरं काय ते तेव्हा दिसतं. हे सगळं सावलीत. आम्ही पोडियमच्या खालच्या पार्किंगमधे करतो, मीटर रूममधनं एक्स्टेन्शन घेतो, सेक्रेटरीची गाडी एकदा करून दिली तेव्हापासून विजेच्या बिलाबद्दल कोणी बोलत नाही.

आता तुझ्या फोटोतली ती ड्रायव्हर साईडची लांब रेघ. त्यावरून आडवं नख फिरव. नख अडकलं तर तिचा नाद सोड. ती काढायला जाशील तर आजूबाजूचा सगळा थर तेवढाच खाली न्यावा लागेल, आणि तेवढा थर आहे की नाही हे त्या गाडीच्या बाबतीत आपल्याला आधी मोजावं लागेल, पूर्वी कोणी किती घासलीये देव जाणे. अशा रेघेच्या कडा नुसत्या गोल केल्या तरी उजेडात ती निम्मी दिसते. लोकांना शंभर टक्के पाहिजे असतं, मला ते पटत नाही. दहातले सात-आठ चरे गेले की काळी गाडी काळी दिसायला लागते, उरलेल्यांसाठी थर उडवणं म्हणजे रोज चालवायच्या गाडीवर अन्यायच. शोरूममधे ठेवणार असशील तर गोष्ट वेगळी.

नंतर संरक्षणासाठी मेण किंवा सीलंट लाव, सिरॅमिक कोटिंगचा विचार आत्ता करू नकोस. धुण्याची सवय बदलली नाहीस तर महिन्याभरात तोच फोटो परत पाठवशील. पाणी माझ्याकडचं असो नाहीतर तुझ्याकडचं, कमी पाण्यात करायचं असेल तर रिन्सलेस वॉश घे, म्हणजे नंतर पाणी ओतून धुवावं न लागणारं, बादलीत झाकणभर टाकायचं, मायक्रोफायबरचे सात-आठ टॉवेल त्यात बुडवून ठेवायचे आणि वापरलेला टॉवेल परत बादलीत नाही. फक्त चिखल असेल तर आधी पाण्याच्या फवाऱ्याने काढ. टॉवेल फॅब्रिक कंडिशनरमधे घालू नका असं वहिनीला सांग, त्याने ते पाणी शोषायचे थांबतात. घरच्या पुसण्यात मिसळू नका हे मात्र तू स्वतःला सांग, तुला मी ओळखतो.

ऑफर संपू दे. पावसाळा सरला की कसारा उतरून ये, माझं मशीन आहे, ते भंगारातलं बॉनेट अजून पार्किंगच्या कोपऱ्यात पडलंय आणि उस्तादकडनं गेज मागून घेतो. शनिवारी तू बॉनेटवर हात बसव, रविवारी आपण दोघं मिळून गाडीला लागू, एका रविवारात छत आणि बॉनेट झालं तरी खूप. सोसायटीच्या गेटवर गाडीचा नंबर आधी कळवावा लागतो, तो पाठव. आणि येताना गाडी चकाचक दिसावी म्हणून हायवेवर कुठे ब्रशने धुऊन आणू नकोस, आहे तशी धुळीची आण.

काकूंना नमस्कार.

तुझा,
सुन्या