कोचच्या गाडीबद्दल

सेंट पॉल, मिनेसोटा
८ नोव्हेंबर २०२३

ती. आई-बाबांना सा. न.

पत्र बघून दचकू नका. मी ठणठणीत आहे, जेवते वेळेवर, थंडी अजून सोसवते आहे. पत्र एवढ्यासाठी की हे फोनवर बोलता येत नाही. आई स्पीकर लावते, मग मागून मनू बोलते, काकू बोलतात, कुकरसुद्धा बोलतो. देशपांडे वहिनी परवा पुण्याला निघाल्यात, त्यांच्याजवळ देते. दिवाळी होऊन जाईल पोचेपर्यंत.

आत्याच्या संजूने ग्रुपवर लिहिलं की शुभाला पोलिसांनी धरलं. धरलं नाही. गाडी थांबवली. गाडी माझी नव्हती आणि मी चालवत नव्हते. न्यू जर्सीत बसून त्याला कोणी सांगितलं कोण जाणे, पण त्याने 'थांबवलं' लिहिलं असतं तर आईची ती रात्र शांत गेली असती.

आई, तू "तो काळा माणूस कोण" असं विचारलंस. आमच्या हॉस्पिटलात श्वसनाची यंत्रं बघणारा सीनियर आहे. शनिवारी मुलांना बास्केटबॉल शिकवतो म्हणून सगळे त्याला कोच म्हणतात. आणि जे तू विचारलं नाहीस पण विचारायचं होतं, त्याचंही उत्तर देऊन टाकते: वय बावन्न, बायको लायब्ररीत कामाला, मोठी मुलगी कॉलेजात. त्याचं घर माझ्या रस्त्यावरच आहे. रात्री साडेअकराला शिफ्ट सुटते. तेव्हा बस अर्ध्या तासाने येते, म्हणून गेल्या हिवाळ्याच्या अखेरीपासून तोच मला सोडायचा. माझी गाडी का नव्हती, हे बाबांना माहीत आहे. मार्चमध्ये विकली. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे पैसे त्यातूनच आले, पण ते आता नको.

तर ऑक्टोबरच्या एका रात्री आम्ही निघालो. वाटेत एक छोटं उपनगर लागतं. सिग्नलला पोलिसांची गाडी आमच्या शेजारी येऊन उभी राहिली. दिव्याखाली आमची तोंडं स्वच्छ दिसत होती. हिरवा झाला, आम्ही पुढे निघालो, ती गाडी मागे आली आणि दोन चौक सोडून तिचे लाल-निळे दिवे लागले. कारण सांगितलं की मागच्या नंबरप्लेटवरचा दिवा गेलाय. दिवा गेला होता, ते खरंच. पण शेजारी उभं राहून मागची नंबरप्लेट दिसत नाही, एवढं मलाही कळतं.

बाबा, तुम्ही म्हणालात की खाली उतरून नीट बोलला असता तर मिटलं असतं. हे मात्र तुम्हाला सविस्तर सांगायलाच हवं, कारण मलाही इथे येऊन वर्षभर ते पटत नव्हतं. आपल्याकडे चौकात शिट्टी वाजली की आपण स्कूटर बाजूला घेतो, स्टँडवर लावतो, उतरतो आणि साहेबांपर्यंत चालत जातो. न उतरणं हा उर्मटपणा. तुमच्या बाबतीत तर निम्मे हवालदार तुमचेच विद्यार्थी. इथे नेमकं उलट. उतरायचं नाही. दार उघडलंत तर ते अंगावर येण्याची तयारी समजतात. गाडी कडेला, इंजिन बंद, आतला दिवा लावायचा, काच खाली. दोन्ही हात स्टिअरिंगच्या वरच्या भागावर, बोटं पसरून, दिसतील असे. पोलीस पाच-सात मिनिटं स्वतःच्या गाडीत बसून कॉम्प्युटरवर नंबर बघतो, तोवर तसंच बसायचं. नाक खाजलं तरी खाजवायचं नाही. मग तो मागून, थोडा तिरका चालत येतो. लायसन्स मागितलं की आधी तोंडाने सांगायचं, "पाकीट उजव्या खिशात आहे, काढू का?" तो 'हो' म्हणाला की मगच, हळूहळू. हे सगळ्यांनाच शिकवतात, गोऱ्यांनाही. फरक एवढाच की ते ड्रायव्हिंगच्या परीक्षेपुरतं शिकतात. कोचच्या घरी मात्र मुलींना सोळाव्या वर्षी जेवणाच्या टेबलाशी खुर्ची मांडून, हातात ताटली देऊन त्याची तालीम झालीय. त्याच्या आईने त्याची घेतली होती.

त्याचे लायसन्स आणि विम्याचे कागद डॅशबोर्डवर एका पारदर्शक पाकिटात चिमट्याने लावलेले असतात, हात कुठे खुपसायला नको म्हणून. आणि हॉस्पिटलचा बिल्ला तो घरी पोचेपर्यंत गळ्यातून काढत नाही. मी माझा लिफ्टमध्येच काढून बॅगेत टाकते. इतके महिने मला वाटायचं, विसरत असेल.

आता जे संजूला माहीत नाही ते. पोलीस कोचच्या बाजूला आला, कागद घेतले, मग बॅटरीचा झोत माझ्या तोंडावर टाकून म्हणाला, "मॅडम, तुम्ही ठीक आहात ना? यांना ओळखता?" मी म्हटलं, हो, आम्ही एका हॉस्पिटलात आहोत. आणि पटकन बिल्ला दाखवावा म्हणून बॅगेत हात घातला. आई, त्या पोलिसाचा दुसरा हात कमरेला गेलेला मी पाहिला. कोचने मान न वळवता, अगदी बाळाला सांगावं तशा आवाजात म्हटलं, "हात बाहेर काढ." मी काढला. पुढे काही झालं नाही. लेखी ताकीद देऊन सोडलं. सगळं मिळून वीस मिनिटं.

घराशी उतरताना मी सॉरी म्हटलं. तो म्हणाला, "तुला ठाऊक नव्हतं." बस, एवढंच.

तुम्ही म्हणाल, दिवा गेला होता, थांबवलं, ताकीद दिली, यात काळा-गोरा कुठून आला? मीही हेच म्हटलं असतं. गेल्या वर्षी माझी गाडी होती तेव्हा ताशी ५५च्या रस्त्यावर मी ६८ने जात होते (हे तुम्हाला सांगितलं नव्हतं, आता सांगते). पोलिसाने हसून, सावकाश जा म्हणून सोडून दिलं. "ओळखता का" असं कोणाबद्दल विचारलं नाही. गंमत म्हणजे मी पर्समध्ये दोन मिनिटं लायसन्स शोधत होते.

ऑगस्टमध्ये मी जत्रेचे फोटो पाठवले होते ना, तळलेल्या चीजचे आणि त्या राक्षसी भोपळ्याचे? त्या मैदानाला लागूनच लार्पेंटर अव्हेन्यू नावाचा रस्ता आहे. तिथे ६ जुलै २०१६ला फिलँडो कॅस्टिल नावाच्या माणसाला पोलिसाने गाडीतच गोळ्या घातल्या. सात गोळ्या झाडल्या. तो बत्तीस वर्षांचा होता, इथल्याच एका शाळेच्या स्वयंपाकघराचा प्रमुख. आपल्या शाळेत खिचडीच्या मावशी असतात ना, पोरांची नावं पाठ असलेल्या, तसा. कोणत्या मुलाला दूध चालत नाही, हे त्याच्या लक्षात असायचं. थांबवण्याचं कारण ब्रेकचा दिवा. पण त्याआधी पोलीस वायरलेसवर म्हणाला होता की हा दरोड्यातल्या संशयितासारखा दिसतो, नाक पसरट आहे. नाक, बाबा. कॅस्टिलने स्वतःहून शांतपणे सांगितलं की माझ्याजवळ परवान्याचं पिस्तूल आहे. मग तो कागद काढायला गेला. मैत्रीण शेजारी होती आणि मागे तिची चार वर्षांची मुलगी. पुढच्या वर्षी जूनमध्ये ज्यूरीने पोलिसाला निर्दोष सोडलं. तो गेल्यावर लगेचच पत्रकारांनी जुने कागद काढले होते, तेव्हा कळलं की मरायच्या आधीच्या चौदा वर्षांत त्याला निदान ४६ वेळा थांबवलं होतं. एवढ्या वेळा आपल्याला मारुतीच्या देवळातसुद्धा कोणी थांबवत नाही.

कोच त्या रस्त्याने जात नाही. विचारलं तर म्हणतो, तिथे ट्रॅफिक असतो.

बाबा, तुम्हाला गणिताशिवाय पटत नाही, म्हणून हे घ्या. स्टॅनफर्डच्या लोकांनी देशभरातली जवळजवळ दहा कोटी थांबवाथांबवीची नोंद गोळा केली आणि २०२०मध्ये छापली. युक्ती साधी आहे. इथे वर्षातून दोनदा घड्याळं तासाने पुढेमागे करतात (गेल्या रविवारीच मागे केली, म्हणून तुमचा फोन आता मला तासभर लवकर येतो). त्यामुळे संध्याकाळचे तेच सात वाजलेले असतात, पण एका आठवड्यात मिट्ट काळोख आणि पुढच्यात उजेड. रस्ता तोच, वेळ तीच, कामावरून परतणारे लोकही साधारण तेच. अंधार पडला की थांबवलेल्यांमध्ये काळ्या ड्रायव्हरांचं प्रमाण घटतं. चेहरा दिसेनासा होतो आणि त्यांचं वाहन चालवणं एकदम सुधारतं! तुम्ही हे दहावीच्या वर्गात घेतलं असतंत. मिनियापोलिस तर नदीपलीकडेच आहे. तिथल्या पोलिसांची केंद्र सरकारने चौकशी केली, यंदाच्या जूनमध्ये अहवाल आला. लोकसंख्येच्या हिशेबाने गोऱ्यांच्या साडेसहा पट काळ्यांना अडवतात, असं त्यात आहे.

आणि आपल्याला हे समजायला अमेरिका कशाला हवी? तुमच्या वर्गातला तो पारध्याचा मुलगा आठवतो ना, ज्याला तुम्ही भूमितीची पेटी दिली होती? गावात सोनाराकडे चोरी झाली आणि पहिली गाडी पालावर गेली. त्याचा बाप त्या रात्री आपल्याच घरी विहिरीच्या मोटारीच्या कामाला होता. तुम्ही दोन दिवस ठाण्यात खेपा घातल्यात. इंग्रजांनी १८७१च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार म्हणून शिक्का मारला, १९५२ला तो कागदावरून पुसला, तरी गाडी तिकडेच जाते, हे वाक्य तुमचंच आहे. त्या मुलाबद्दल आई कधी "तो पारधी" म्हणाली नाही. मग माझ्या कोचबद्दल "तो काळा" का, आई? रागावून विचारत नाही. थोडं रागावूनच विचारते.

तू लिहिलंस, "आपण काही त्यांच्यातले नाही, मग त्यांच्यात जातेस कशाला." यावर एक सांगते आणि विषय संपवते. २०१५च्या फेब्रुवारीत अलाबामात मॅडिसन नावाच्या गावी एक गुजराती आजोबा नातवाला सांभाळायला आले होते. येऊन जेमतेम काही दिवस झालेले. सकाळी मुलाच्या घराजवळ फूटपाथवर चालत होते. शेजाऱ्याने पोलिसांना फोन केला की एक किडकिडीत काळा माणूस फिरतोय, घरं न्याहाळतोय. आजोबांना इंग्रजी येत नव्हतं. पोलिसाने त्यांना तोंडघशी जमिनीवर आपटलं, मानेला इजा होऊन अंग काही अंशी लुळं पडलं. तो पोलीसही सुटला. फोन करणाऱ्याने जातपात विचारून फोन केला नव्हता.

म्हणून बाबा, मे महिन्यात याल तेव्हा पहाटे चालायला मी बरोबर येणार. तुम्ही पुढे हात मागे बांधून चालता, ते तसंच चाला. फक्त एकटे नको. मी घाबरवत नाहीये. तिकिटं काढलेली आहेत आणि तुम्ही यायचंच आहे.

आई, तू म्हणालीस त्याच्या गाडीत बसू नकोस. बसत नाही. तुझा फोन यायच्या आधीपासूनच बसत नाही. पण तुझ्या कारणाने नाही. मी त्याला सांगितलं, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, बसस्टॉपपर्यंत व्यायाम होतो. त्याने एकदाही दुसऱ्यांदा विचारलं नाही. म्हणजे त्याला कळलंय, आणि त्याला वाटतंय ते तुझंच कारण आहे.

असो. मनूच्या लग्नाचं. थोरलीच्या आधी धाकटीचं कसं, हे काकूंना बोलू दे. मला वाईट वाटत नाही, खरंच नाही. बारामतीची माणसं चांगली दिसतात. हॉलचा ॲडव्हान्स भरून टाका, साडेतीन लाख सोमवारी खात्यात येतील. त्यातले पन्नास मनूच्या हातात द्या, तिला काय घ्यायचं ते घेऊ दे, याद्यांत घालू नका. कराडच्या स्थळाला माझ्या वतीने अजून 'नाही' कळवू नका, पण 'हो'ही नको. मी फेब्रुवारीत येते, पण नऊच दिवस. व्हिसाचा शिक्का त्यातच मारून घ्यायचा आहे, तारीख मुंबईचीच मिळाली तर हळदीला कदाचित पोचणार नाही. हे मनूला मी सांगेन, तुम्ही सांगू नका.

लग्नाची गडबड सुरू व्हायच्या आधी माझ्यासाठी कुरिअर करशील तेव्हा चकल्यांचा एक वेगळा डबा कर, तिखट अगदी नावाला, ओवा चालेल. वर नाव घालू नकोस. कोचला द्यायचा आहे. नुसतं जाऊन बोलायचं मला तीन आठवडे जमलेलं नाही, हातात डबा असेल तर निदान दार तरी वाजवीन.

तुमची,
शुभा

ता. क. बाबा, रक्तदाबाची गोळी रात्रीची की सकाळची, हे डॉक्टरांना विचारून मला मेसेज करा. इथला विमा काढताना लिहावं लागतं.