झोपलाय म्हणून सोडू नकोस

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

मघाशी फोन मी आपटला, हे आधी कबूल करते. बाबा म्हणाले, "मांजराच्या पिल्लावरून भांडतेस मुलाशी?" मी काही बोलले नाही. पुसलेला ओटा परत पुसला आणि कागद घेऊन बसले. फोनवर माझं जमत नाही. तू नुसतं "हं" म्हणतोस, मग ती जागा भरायला मी बोलत सुटते.

भांडण एका वाक्यावरून झालं. मी विचारलं, अकराचं दूध पाजलंस का? तू म्हणालास, "शांत झोपलाय गं, कशाला उठवू? भूक लागली की रडेल." यात चिडण्यासारखं काय होतं, असंही तू विचारलंस. सांगते, पण त्याआधी माझी चूक.

गायीच्या दुधात निम्मं पाणी घालून पाज, असं मी पहिल्या दिवशी म्हणाले होते. ते साफ विसरून जा. मावशीच्या ओळखीच्या प्राण्यांच्या डॉक्टरांशी काल बोलले. गायीच्या दुधातलं लॅक्टोज एवढ्याशा पिल्लाला सोसत नाही, जुलाब होतात. शिवाय मांजरीच्या दुधात प्रथिनं आणि स्निग्धांश कितीतरी जास्त, आणि आपण वर पाणी ओतून होतं तेही पातळ करतो. तू माझं न ऐकता पिल्लांची दुधाची पावडर आणलीस ते बरं केलंस. बाबांवर गेलायस. हो म्हणायचं आणि आपल्याला हवं तेच करायचं.

आता किती आणि किती वेळा, ते. ठिपक्याचे डोळे नुकते उघडलेत, कान अजून डोक्याला चिकटलेले, म्हणजे दहा-बारा दिवसांचा असावा. वजन तू १८० ग्रॅम सांगितलंस. १०० ग्रॅमला एका वेळी ४ मिली, एवढंच त्याचं पोट. म्हणजे सहा, फार तर सात मिली. दर तीन तासांनी, रात्रीसुद्धा. अधाशासारखा चोखत राहिला तरी बाटली काढून घे, जास्त झालं की लगेच पातळ शी करतो. पोट गोल दिसावं, टम्म नको. दूध मनगटाच्या आतल्या बाजूला टाकून बघ, कोमट लागलं पाहिजे. आणि प्रत्येक पाजणीला ओल्या कोमट कापसाने मागून हलकेच पुसून घे. तीनेक आठवड्यांचा होईपर्यंत शी-शू त्याची त्याला होत नाही, आई चाटते तेव्हा होते.

तू पाठवलेला फोटो मी मोठा करून बघितला. तळहातावर उताणा धरून पाजतोयस. दिसतंय गोड, पण तसं नको रे. माणसाचं बाळ वेगळं. पिल्लू पालथंच पितं, आईच्या पोटाशी पितं तसं. उताणं धरलं की दूध श्वासनलिकेत जातं आणि तिथून फुफ्फुसात. टॉवेलवर पोटावर ठेव, मान किंचित वर. बाटली दाबायची नाही, उलटी केली की थेंब थेंब पडलं पाहिजे, धार नाही. नाकातून दूध आलं तर तिथेच थांब.

आणि झोपलाय म्हणून सोडू नकोस. हे एकदाच लिहायचं, असं ठरवून बसले होते.

ती निळी वही तुला माहीत आहे, माझ्या कपाटातली, जिला हात लावू देत नाही ती. तू १ किलो ९०० ग्रॅमचा होतास. अंगावर ओढायची ताकद नव्हती, म्हणून काढलेलं दूध वाटी-चमच्याने, दर दोन तासांनी. बाबांनी पट्टीने रकाने आखले होते. "२.१० – २५ मिली – थोडं सांडलं." "४.०५ – २० मिली – झोपेत." असं पानंच्या पानं. घरी आणल्यावर चौथ्या रात्री तू रडलाच नाहीस. मी इतकी दमले होते की मला बरं वाटलं. वाटलं, आज पोट भरलंय पोराचं. एक पाजणी गेली, दुसरी गेली. पहाटे आजी आल्या, दिवा न लावता तुझं पाऊल हातात घेतलं आणि म्हणाल्या, "हा झोपला नाहीये गं. हा रडायचं थांबलाय."

साखर उतरली होती. दवाखान्यात तीन दिवस काढले. नंतर तू असा अंग धरलास की आजी दृष्ट काढून थकल्या, ते सगळं तू ऐकलंयस. हे सांगितलं नव्हतं. त्या रात्रीचे दोन रकाने वहीत कोरे आहेत. बाबा म्हणाले होते, मागाहून भरून टाक. नाही भरले.

पिल्लाचंही तसंच असतं म्हणाल्या डॉक्टर. अशक्त झालं की ओरडत नाही, गप्प पडून राहतं. म्हणून रडण्यावर जायचं नाही, घड्याळावर जायचं. तोंडात बोट घालून बघ. आत गार लागलं तर आधी ऊब दे, टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली शेजारी ठेव, अंग गरम झाल्यावरच दूध. गारठलेल्या पिल्लाची आतडी चालत नाहीत, दूध तसंच पडून राहतं. गरम होऊनही ओढेना, तर सकाळची वाट बघायची नाही, डॉक्टरांकडे न्यायचं. एखादा जीव घरात आणला की तो आपल्या सोयीने भुकेजत नाही, आपल्याला झोप आली म्हणून त्याची

बघ, सुरू झाले. राहू दे ते वाक्य तसंच. तुला हे सांगायची गरज नाही. खोकं घेऊन तू ऑफिसात जातोस आणि जेवणाच्या सुट्टीत त्याला पाजतोस, हे मला मावशीकडून कळलं. तिला मी तीनदा तेच सांगायला लावलं. मला का नाही सांगितलंस रे? ओरडले असते, पण नंतर.

पुढचं सोपं आहे. तिसऱ्या आठवड्यापासून चार-चार तासांनी चालेल. महिन्याचा झाला की पिल्लांचं ओलं खाणं त्याच दुधात कालवून बशीत द्यायचं. त्यात पाय घालेल, अंगभर माखून घेईल. आठ आठवड्यांना दूध सुटतं, मग दिवसातून चार वेळा खाणं, सहा महिन्यांनंतर दोनदा.

रोज सकाळी एकाच वेळी वजन कर. दिवसाला १० ते १५ ग्रॅम वाढलं पाहिजे. वाढलं नाही तर सांग. वाढलं तरी सांग. घर बदलल्यापासून तू "ठीक आहे" एवढंच बोलतोस, मला त्यातून काही कळत नाही. नुसता आकडा पाठवलास तरी चालेल. आणि स्वतः काय खातोस? सात मिलीचा हिशोब त्याचा, तुझा नाही.

दोन वाजत आले. तुझा गजर झाला असेल. उठलास ना?

तुझी,
आई

ता. क. बाबा जागेच आहेत. ठिपका किती भरला, विचारतायत. म्हटलं, मला नका विचारू, फोन करा त्याला.