झोपेत शब्द पाठ होत नाहीत, झोपण्याआधी होतात

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

परीक्षांचे आणि भरतीचे दिवस जवळ आले की यूट्यूबवर ‘रात्रभर लावून झोपा, सकाळी इंग्रजी बोला’ छापाच्या आठ-आठ तासांच्या व्हिडिओंना ऊत येतो. मागे मंद बासरी, पुढे एकामागोमाग एक इंग्रजी शब्द आणि त्याचा मराठी अर्थ. मुलं कानात इअरफोन खुपसून झोपतात आणि घरच्यांना वाटतं, पोरगं झोपेतही अभ्यास करतंय.

झोपेत ऐकलेलं पाठ होतं का, या प्रश्नाचा निकाल बऱ्याच अंशी 1956 सालीच लागला आहे. अमेरिकेतले संशोधक सायमन आणि एमन्स यांनी मेंदूच्या लहरी टिपत झोपलेल्या माणसांना प्रश्न आणि उत्तरं ऐकवली. माणूस जागा किंवा पेंगुळलेला असताना कानावर पडलेलं थोडंफार आठवलं. खरी झोप लागल्यानंतरचं मात्र काहीच नाही. 2019 साली स्वित्झर्लंडमधल्या बर्न विद्यापीठात गाढ झोपेत बनावट शब्द आणि त्यांचे अर्थ अचूक वेळ साधून ऐकवले गेले. जागं झाल्यावर त्या शब्दाची वस्तू मोठी की लहान, एवढाच अंदाज लोकांना नुसत्या नशिबापेक्षा जरासा बरा करता आला. तेवढ्या भांडवलावर इंग्रजीचा पेपर सुटत नाही.

त्यात आणखी एक मेख आहे. डोळा लागण्याआधीच्या शेवटच्या काही मिनिटांत ऐकलेलंही सहसा पुसलं जातं. रात्री दिवा कुणी मालवला हे सकाळी आठवत नाही, तसंच. म्हणजे गादीवर पडून, डोळे मिटून नवे शब्द ऐकणं ही सगळ्यात वाया जाणारी वेळ.

पण झोप निरुपयोगी आहे असं मुळीच नाही. 1924 साली कॉर्नेल विद्यापीठात जेंकिन्स आणि डॅलनबाख यांनी दाखवलं, की पाठ केलेली निरर्थक अक्षरं झोपून उठल्यावर जितकी आठवतात, तितकी तेवढाच वेळ जागं राहिल्यावर आठवत नाहीत. अलीकडे श्राइनर आणि राश यांनी जर्मन भाषकांना संध्याकाळी डच शब्द शिकवले आणि त्यांतले काही गाढ झोपेत हळू आवाजात पुन्हा ऐकवले. ते शब्द अधिक टिकले. अट एकच, शब्द आधी जागेपणी शिकलेला हवा. याच गटाच्या 2015 सालच्या प्रयोगात शब्दापाठोपाठ लगेच त्याचा अर्थ ऐकवला, तेव्हा हा फायदा नाहीसा झाला. बाजारातल्या रात्रभराच्या व्हिडिओंची रचना नेमकी तीच असते, शब्द आणि लगेच अर्थ. शिवाय प्रयोगशाळेत गाढ झोप यंत्रावर पाहून आवाज सोडतात. घरी ते शक्य नाही, म्हणून रात्रभराचा आवाज बंदच ठेवावा.

मग करावं काय? रोज 10 ते 12 शब्द, त्याहून जास्त नको. झोपायच्या अर्धा-पाऊण तास आधी, टेबलाशी बसून, कोऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या कराव्यात. पुढच्या बाजूला इंग्रजी शब्द आणि तो वापरलेलं एक छोटं वाक्य, मागे मराठी अर्थ. पुढची बाजू पाहून अर्थ मोठ्याने सांगायचा, मगच चिठ्ठी उलटायची. दुसऱ्या फेरीत उलट, अर्थ पाहून इंग्रजी शब्द कागदावर लिहायचा. नुसतं वाचत राहू नये. 2008 साली कार्पिकी आणि रोडिगर यांनी स्वाहिली शब्दांवर केलेल्या प्रयोगात स्वतःला वारंवार विचारणाऱ्यांना आठवड्यानंतर सुमारे 80 टक्के शब्द आठवले. शब्द एकदा आल्यावर पुढे नुसताच वाचत राहिलेल्यांना जेमतेम 36 टक्के.

ध्वनिफीत हवीच असेल तर स्वतःच्या आवाजात, मोबाइलच्या रेकॉर्डरवर करावी. इंग्रजी शब्द, मग चार सेकंद शांतता, मग अर्थ. त्या चार सेकंदांतच सगळं काम होतं, कारण अर्थ आपण आधी मनात सांगायचा असतो. ही फीत अंथरुणावर पडल्या पडल्या ऐकायची, 10 मिनिटांचा टायमर लावून. आयफोनच्या घड्याळातल्या टायमरमध्ये गजराऐवजी ‘स्टॉप प्लेइंग’ निवडता येतं. अँड्रॉइडवर व्हीएलसी या प्लेअर अ‍ॅपमध्ये स्लीप टायमर आहे. या फितीत नवा शब्द एकही नको, ही फक्त उजळणी. सकाळी उठल्यावर इतर काही पाहण्याआधी चिठ्ठ्या घ्याव्यात. चुकलेल्या त्याच रात्री पुन्हा, बरोबर आलेल्या तीन दिवसांनी, मग आठवड्याने.

घोटाळा बहुतेक वेळा शब्दांच्या निवडीत होतो. ‘अडॉप्ट’ आणि ‘अडॅप्ट’, ‘अफेक्ट’ आणि ‘इफेक्ट’, ‘क्वाएट’ आणि ‘क्वाइट’ अशा जोड्या एकाच रात्री घेतल्या की दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि महिनोन्महिने सुटत नाहीत. एक पक्का होऊ द्यावा, दुसरा पंधरा दिवसांनी घ्यावा. तेच एका जातीच्या शब्दांचं. सगळी फळं किंवा सगळे नातेवाईक एकदम घेऊ नयेत, पाठ्यपुस्तकांत तशा याद्या असल्या तरी. कानाने स्पेलिंगही कळत नाही. ‘रिसीट’ ऐकून त्यातला ‘पी’ कुणाला सापडणार? ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ तर आपल्या ‘व’मध्ये सर्रास एक होतात. म्हणून लिहिण्याची फेरी टाळू नये.

यूट्यूब वापरणाऱ्यांनी ऑटोप्ले बंद ठेवावा, कारण आपोआप सुरू होणारा पुढचा व्हिडिओ किंवा त्याची किंचाळणारी जाहिरात झोपमोड करते आणि झोपमोड झाली की आधी शिकलेलंही कच्चं राहतं. 13 ते 18 वयाच्या मुलांना 8 ते 10 तास झोप लागते, ती कापून शब्द वाढवण्यात अर्थ नाही. इअरफोनऐवजी फोनचा स्पीकर, तोही हलका. आणि चार्जिंगला लावलेला फोन उशीखाली कधीही नको. त्याची उष्णता बाहेर पडायला जागाच राहत नाही.

जाता जाता वृत्तपत्रांना एक विनंती. ‘आजचा शब्द’ छापताना शेजारी तीन दिवसांपूर्वीचा शब्द अर्थाशिवाय छापावा आणि त्याचा अर्थ शेवटच्या पानावर द्यावा. जागा दोन ओळींची लागेल.

आपला,
इंग्रजीचा एक शिक्षक, कोल्हापूर