पेटीतल्या डागांविषयी

पावस, रत्नागिरी
मे अखेर

प्रिय अनंता,
सप्रेम नमस्कार.

फोनवर तू फारच तापला होतास, म्हणून तेव्हा बोललो नाही. मी पाठवलेली आंब्यांची पेटी उघडलीस तेव्हा साल स्वच्छ होती, आंबे पिवळे व्हायला लागले आणि काळे डाग फुटले. म्हणून तू ट्रान्सपोर्टवाल्याला धरलंस. त्या बिचाऱ्याला सोड. हा करपा आहे, बुरशीचा रोग. तो आंब्यावर बसला तेव्हा फळ सुपारीएवढं तरी होतं की नाही, कोण जाणे.

ही बुरशी कोलेटोट्रिकम. वाळक्या काटक्यांवर, जुन्या पानांवर तिचा मुक्काम असतो. मोहोराच्या दिवसांत मळभ आलं, दव पडलं, एखादी अवकाळी सर आली की बीजाणू, म्हणजे बुरशीचं सूक्ष्म बी, कैरीवर उतरतात. ओल्या सालीवर रुजतात आणि कोंबाच्या टोकाला काळसर, जाड भिंतीची गोळी तयार करतात. तिला ॲप्रेसोरियम म्हणतात. तिथून सालीत बारीकशी खुंटी घुसते आणि मग सगळं थांबतं. लग्नघरी ताटं मांडेपर्यंत ओटीवर बसून राहिलेल्या पाहुण्यासारखी ती आठवडेच्या आठवडे बसून राहते.

का थांबते, हे मला डागांपेक्षा जास्त भावतं. पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन विरघळवणारी विकरं, म्हणजे एन्झाइम, बनवायची जनुकं तिच्याकडे सुरुवातीपासून असतात, फक्त बंद असतात. कच्च्या सालीत रेसॉर्सिनॉलसारखी बुरशीला न मानवणारी रसायनं असतात, शिवाय साल आंबट. इस्रायलमधले संशोधक डोव्ह प्रुस्की यांच्या गटाने यावर वर्षानुवर्षं काम केलं, बरंचसं ॲव्होकाडोवर. त्यांना दिसलं ते असं: बुरशी अमोनिया सोडून आजूबाजूचा सामू (पीएच) स्वतःच वाढवते, म्हणजे आंबटपणा कमी करते. तो 5.7 च्या वर गेला की पेलबी हे जनुक चालू होतं आणि पेक्टिन कापणारं विकर बाहेर पडू लागतं. सामू ओळखून हा हुकूम देणारं पॅकसी नावाचं प्रथिन आहे. त्याचं जनुक मोडलं तर पेलबी मंदावतं आणि बुरशीची मारक शक्तीही घटते. म्हणजे नुसतं हत्यार जवळ असून भागत नाही.

दुसरी गोष्ट इथिलीनची. फळ पिकताना जो वायू सोडतं, तोच या बुरशीला खूण देतो. फ्लैशमन आणि मूळचे केरळचे कोलट्टुकुडी या संशोधकांनी 1994 मध्ये दाखवलं, की इथिलीन मिळालं की बीजाणू रुजतात आणि एकेक बीजाणू अनेक ॲप्रेसोरियम तयार करतो. इथिलीन बनवू न शकणाऱ्या टोमॅटोवर हे घडलं नाही; बाहेरून वायू दिला तेव्हा घडलं. आता विचार कर, अढीत पेंढ्याखाली आपण फळं ऊब धरायला ठेवतो, किंवा व्यापारी रायपनिंग चेंबरमध्ये इथिलीन सोडतात, तेव्हा आंब्याबरोबर आणखी कोणाला जाग येत असेल!

म्हणून डाग दिसल्यावर औषध मारायचा सल्ला मला पटत नाही. जे काही करायचं ते मोहोर आणि बारीक कैरी असताना, आणि त्याआधी वाळक्या काटक्या काढून जाळायच्या. काढणीनंतर कोमट नव्हे, चांगल्या गरम, साधारण 52 अंशांच्या पाण्यात काही मिनिटं फळं बुडवली तर सालीतली बुरशी बरीच मरते. पाणी त्याहून जास्त तापलं तर साल भाजते, तेव्हा थर्मामीटर हवाच. गडी मात्र या प्रकाराला हसतात. ‘आंबो शिजवतास काय?’ असं विचारतात.

डाग वरवरचा असेल तर तेवढा भाग कापून बाकीचा आंबा खुशाल खा. वास आंबूस येत असेल तर टाकून दे. पुढची पेटी गरम पाण्यातून काढूनच पाठवतो, पण पाऊस दाराशी आलाय, झाडावर फारसं उरलेलं नाही, तेव्हा फळ लहान निघालं तर बोल लावू नकोस. वहिनींना नमस्कार.

तुझा,
सदा