‘नॉर्मल’ एमआरआय हा शेवटचा शब्द नव्हे

अपस्मारावरील आपल्या पुरवणीतील लेखात ‘एमआरआय नॉर्मल असेल तर शस्त्रक्रियेचा प्रश्नच उरत नाही’ असे विधान आहे. ते पटले नाही. योग्य निवडलेली दोन औषधे पुरेशा मात्रेत घेऊनही फिट येत राहिल्या, तर तो औषधांना दाद न देणारा अपस्मार समजतात. सुमारे एक तृतीयांश रुग्ण या गटात मोडतात. त्यांच्यापैकी अनेकांच्या फाइलमध्ये ‘नॉर्मल’ शेरा असतो. पण नेहमीच्या एमआरआयमध्ये जाड काप घेतले जातात आणि मेंदूच्या घडीत दडलेला, नखाएवढा सदोष भाग त्यात सहज निसटतो. अपस्मारासाठीच्या खास पद्धतीने, पातळ काप घेऊन केलेला स्कॅन अनुभवी नजरेने पुन्हा पाहिला, तर तोच भाग कधी कधी सापडतो आणि तो काढण्याच्या शस्त्रक्रियेचा विचार करता येतो.

तोही कोरा निघाला तर पेट (मेंदूतील साखरेचा वापर दाखवणारा स्कॅन) आणि स्पेक्ट (मेंदूतील रक्तप्रवाह दाखवणारा स्कॅन) आहेत. स्पेक्टसाठी परिचारिका भरलेली सिरिंज घेऊन खाटेजवळ तासन्‌तास थांबते; फिट सुरू होताच काही सेकंदांत इंजेक्शन जावे लागते. हे औषध त्या क्षणीच्या रक्तप्रवाहाचे चित्र मेंदूत जणू गोठवून ठेवते, स्कॅन मग तासाभराने केला तरी चालतो. (आणि त्या दिवशी नेमकी फिट येत नाही, हा नेहमीचा अनुभव!)

२००१ साली प्रसिद्ध झालेल्या ८० रुग्णांच्या चाचणीत टेम्पोरल लोबच्या (मेंदूच्या कानाजवळील भागाच्या) शस्त्रक्रियेसाठी निवडलेल्यांपैकी ५८ टक्के वर्षअखेरीस शुद्ध हरपणाऱ्या झटक्यांपासून मुक्त होते. केवळ औषधांवरच्या गटात ८ टक्के. तेव्हा लेखातील त्या वाक्याची दुरुस्ती छापावी, ही विनंती.

– एक वाचक