मनगट उचलतो का, तेवढं बघा

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर, पडून मानेला मार बसलेल्या त्या मुलाबद्दल बाबांनी विचारलं, "तो मुलगा बरा होईल ना गं?" आणि मी "आत्ताच सांगता येत नाही" म्हणून विषय मिटवला. मागून आईचा आवाज आला, "इतकं शिकून एवढंच?" आई, ऐकू आलं मला. म्हणून हे पत्र.

आधी एक तक्रार. बाबा, त्याच्या आईला तुम्ही सांगितलंत की आमची लेक अशा माणसांना चालतं करायचं संशोधन करते. असं नका सांगत जाऊ. तुम्ही कौतुकाने बोलता, पण ती बाई त्या एका वाक्यावर दिवस काढत असेल. आणि मी पायांवर कामच करत नाही. गेली अकरा वर्षं मी अंगठा आणि तर्जनीच्या मागे आहे.

एवढ्याशा दोन बोटांसाठी अकरा वर्षं कशाला, तर पायांची गोष्ट वेगळी आहे म्हणून. 1911 साली ग्रॅहम ब्राउन या शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की मांजराचा मज्जारज्जू मेंदूपासून तोडला तरी पाय आळीपाळीने पुढे-मागे टाकायचा ठेका तो स्वतःच धरू शकतो. मज्जारज्जू म्हणजे मेंदूचे निरोप खाली पोचवणारी नुसती तार, हे आपण शाळेत शिकलो ते अर्धवट होतं. त्यालाही पुष्कळ काही येतं. (माणूस दोन पायांवर तोल सांभाळतो, त्यामुळे आपलं प्रकरण मांजराइतकं सोपं नाही, ते असो.) बोटांना मात्र असा तयार ठेका नसतो. माणसाच्या मेंदूतले काही तंतू मध्ये कुठेही न थांबता थेट मानेतल्या त्या पेशींपर्यंत येतात, ज्या हाताचे स्नायू हलवतात. मांजरात असे थेट तंतू नाहीत. सुईत दोरा ओवणं, बटण लावणं ही कामं बऱ्याच अंशी त्यांच्या जोरावर चालतात. मानेला मार बसला की तेच तुटतात.

बाबा, तुम्हाला आठवतं का, मी लहान असताना फळ्यावरचं आणि वहीतलं तुमचं अक्षर शेजारी ठेवून बघायचे? वहीत लिहिताना बोटं हलतात, फळ्यावर लिहिताना खांदा आणि कोपर. स्नायू निराळे, तरी तुमचा 'श' दोन्हीकडे तसाच, शेपटीला झोल असलेला. बर्नस्टाइन नावाच्या रशियन शास्त्रज्ञाला हेच कोडं पडलं होतं. त्याने छिन्नीवर घाव घालणाऱ्या लोहारांच्या हालचाली टिपल्या. हातोडा दरवेळी नेमका छिन्नीवर पडत होता, पण खांदा, कोपर, मनगट दर घावाला थोडे वेगळे हलत होते. म्हणजे काय करायचं ते मेंदूत पक्कं असतं, कुठल्या स्नायूने करायचं ते ऐनवेळी जुळवलं जातं. पुढे जे सांगणार आहे त्याचा सगळा भरवसा यावर आहे.

सुरुवातीला मलाही वाटायचं की व्हीलचेअरवरच्या माणसाला सगळ्यात आधी उभं राहायचं असणार. आमच्या प्रयोगात सहभागी झालेल्या एका गृहस्थांनी मला जमिनीवर आणलं. म्हणाले, "पायांचं नंतर बघू. रात्री नाक खाजलं तर कुणाला उठवावं लागू नये, एवढं जमतंय का सांगा." नंतर मी 2004 चं एक सर्वेक्षण वाचलं. मज्जारज्जूला इजा झालेल्या 681 जणांना विचारलं होतं, कुठली गोष्ट परत मिळाली तर आयुष्य सर्वांत जास्त सुधारेल? ज्यांचे हातही गेले होते त्यांच्यातल्या जवळजवळ निम्म्यांनी हात म्हटलं. चालणं म्हणणारे फार थोडे.

आता त्या मुलाचं. तुम्ही म्हणालात, खांदा हलतो, कोपर वाकतं, बोटं हलत नाहीत. मनगटाबद्दल कुणीच बोललं नाही, आणि नेमकं तेच मला हवंय. भेटायला जाल तेव्हा बघा, तळवा खाली ठेवून तो हाताचा पंजा वर उचलतो का.

का ते स्वतःवर करून बघा. आई, तुझा उजवा पंजा अगदी सैल लोंबकळू दे. आता डाव्या हाताने तो मनगटातून वर वाकव. बोटं आपोआप आत वळली ना? ही स्नायूबंधांच्या, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्यांच्या, लांबीची करामत आहे, बोटांपर्यंत मेंदूचा निरोप जावा लागत नाही. ज्याचं मनगट उठतं तो याच युक्तीने पेला धरतो, ब्रश धरतो. त्यासाठी बोटं जराशी आखडलेली असावी लागतात. आणि घरातली प्रेमळ माणसं नेमकं काय करतात, तर रोज मालिश करून ती बोटं ताठ सरळ ओढतात. मनगट वर वाकवून वर बोटंही ताणली, की स्नायूबंध सैल पडतात आणि पकड जाते. त्याच्या आईला हे हळुवार सांगा, दोष दिल्यासारखं नको. फिजिओथेरपिस्टला विचारून मगच काय ते ताणा म्हणावं.

दुसरी गोष्ट जास्त घाईची, कारण पडल्याला आठ महिने झालेत. नस जोडण्याची शस्त्रक्रिया असते. (नस म्हणजे इथे रक्तवाहिनी नव्हे हं, मज्जातंतू.) कोपर वाकवायला आपल्याकडे एकाहून जास्त स्नायू आहेत. त्यातल्या एकाची चालू नस घेऊन ती बोटं मिटवणाऱ्या नसेला जोडतात. तंतू दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढतो, म्हणून फळ दिसायला कित्येक महिने जातात. मग सुरू होतं शिकणं. आधी "कोपर वाकव" म्हटलं की बोटं मिटतात, पुढे सरावाने मेंदू त्या नसेचं नवं काम ओळखतो आणि कोपराचा विचार मध्ये आणावा लागत नाही. तुमचा फळ्यावरचा 'श' तो हाच, बाबा. ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी 2019 मध्ये अशा 16 जणांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. काही जोडण्या फसल्या, पण बऱ्याच जणांना पकड मिळाली. अडचण एवढीच की इजेच्या जागच्या पेशी मेल्या असतील, तर त्यांचे स्नायू सुकत जातात, आणि फार उशीर झाला की नवी नस जोडूनही जागे होत नाहीत. म्हणून वर्षाच्या आत हाताच्या शल्यविशारदाला दाखवून घेणं बरं. त्याला चालेलच असं मी म्हणत नाही. पण विचारायचं राहून गेलं असं व्हायला नको.

विजेचं तुम्ही कुठेतरी वाचलंत, तेही खरं आहे. 2024 मध्ये मानेच्या त्वचेवरून मज्जारज्जूला वीज देण्याच्या चाचणीचे निकाल आले. 60 माणसं होती, त्यांतल्या 72 टक्क्यांच्या हाताची ताकद आणि काम दोन्ही सुधारलं. ही वीज हात हलवत नाही. मज्जारज्जूला थोडं सावध करते, म्हणजे वरून येणारा क्षीण निरोप त्याला ऐकू जातो. व्यायाम सोबत हवाच. आणि काहीच निरोप येत नसेल तर ऐकायलाही काही नसतं. शिवाय एखादा इंजेक्शनने मज्जारज्जू जोडून देतो म्हणाला, तर होकार देण्याआधी मला फोन करा, मध्यरात्रीसुद्धा.

तो बरा होईल का, हे मला अजूनही सांगता येत नाही. तो स्वतःच्या हाताने पाणी पिईल का, यावर मात्र मी बरंच बोलू शकते, म्हणून मनगटाचं बघून कळवा.

बाबा, आणखी एक. मागच्या पाकिटावर पत्त्याची ओळ सुरू होताना अक्षर नेहमीसारखं टपोरं आहे आणि शेवटाकडे बारीक बारीक होत गेलंय. 'श'ची शेपटी तर दिसतच नाही. पाकिटावर जागा कमी पडली असेल. पण याचं उत्तर फोनवर नको, हाताने लिहा, चांगलं पानभर. आणि आई, ते लिहीत असताना तू जवळ बसून बघ, मध्येच थांबतात का, आणि दुसरा हात मांडीवर स्वस्थ असतो का. मग मला फोन कर. ते झोपल्यावर कर.

तुमची,
लेक