विषय: मुलांना न उघडणारा ‘मुलांचा’ थर्मल डबा

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

तुमच्या केंद्राशी बोलून आत्ताच फोन ठेवला आहे, त्यामुळे नमस्कार-चमत्कार राहू देत. तक्रार तुमच्या लहान मुलांच्या स्टीलच्या व्हॅक्यूम डब्याबद्दल आहे. प्राथमिक वर्गांसाठी आमच्या शाळेने तो एकगठ्ठा घेतला. अन्न गरम राहतं, त्याबद्दल वाद नाही. डबा उघडत नाही.

कारण तुम्हाला माहीत असणारच. तुमच्या केंद्रात मात्र ते कोणाच्या कानावर गेलेलं दिसत नाही, म्हणून लिहिते. वाफाळतं अन्न भरून झाकण लावलं की वरच्या मोकळ्या जागेत वाफ कोंडते. डब्याच्या सुट्टीपर्यंत अन्न थोडं निवतं, त्या वाफेचं पाणी होतं आणि आतला दाब उतरतो. तो बाहेरच्या हवेपेक्षा 20 टक्क्यांनीच कमी झाला, तरी 7 सेंटिमीटर तोंडाच्या झाकणावर साधारण 8 किलोचा भार बसतो. त्यात सिलिकॉनची रिंग काठाला चिकटते. झाकण तुम्ही गुळगुळीत आणि घुमटासारखं केलंय, बोटं अडकवायला एकही खाच नाही. सहा वर्षांच्या मुलाच्या पंजात ते मावत नाही, आणि डबा उघडायच्या आधी मूल हात धुऊन आलेलं असतं. ओला हात आणि गुळगुळीत स्टील. ही चाचणी तुमच्याकडे कोणी केली होती का? केली असेल तर कोरड्या हाताच्या मोठ्या माणसाने केली असावी.

उपायही तुमच्याच कारखान्यात आहे. मोठ्यांसाठीच्या डब्याच्या झाकणात मधोमध दाब सोडणारं बटण आहे. ते दाबलं की फुस्स आवाज येतो, हवा आत जाते आणि झाकण दोन बोटांनी फिरतं. ज्यांच्या मनगटात जोर आहे त्यांना बटण, आणि ज्यांच्या नाही त्यांना कार्टूनचं चित्र! हा हिशेब कोणत्या बैठकीत मंजूर झाला?

आता आजचा फोन. हे सगळं सांगितल्यावर तुमचे प्रतिनिधी म्हणाले, “मॅडम, अन्न थोडं निववून भरा, मग झाकण धरणार नाही.” मी म्हटलं, तुमच्याच माहितीपत्रकात पहिली सूचना आहे की डबा उकळत्या पाण्याने पाच मिनिटं तापवून घ्या, आणि दुसरी आहे की अन्न कडक गरम असतानाच भरा. ते म्हणाले, “हो, ते गरम राहण्यासाठी. उघडण्यासाठी निववून.” म्हणजे एक डबा गरम राहण्यासाठी आणि दुसरा उघडण्यासाठी घ्यायचा का, असं विचारलं तर पलीकडे शांतता, मग संगीत. संगीत संपल्यावर नवा सल्ला: “वर्गातल्या बाईंना उघडून द्यायला सांगा ना.” त्या बाईंच्याच शाळेतून बोलतेय म्हटल्यावर, “मग प्रश्नच मिटला!” आणि शेवटी, अगदी आपुलकीने: “मुलांना थोडी सवय लावा मॅडम, हाताला ताकद येते.” त्यानंतर सेवेला 1 ते 5 पैकी गुण देण्याची विनंती झाली. शून्याचं बटण तुम्ही ठेवलेलं नाही.

अन्न निववून भरण्याचा सल्ला नुसता मूर्खपणाचा नाही, धोक्याचा आहे. शिजवलेलं अन्न 60 अंशांच्या वर किंवा 5 अंशांच्या खाली ठेवावं, मधल्या तापमानात जंतू भराभर वाढतात, ही जागतिक आरोग्य संघटनेची साधी सूचना आहे. कोमट अन्न बंद डब्यात भरून तीन-चार तास दप्तरात ठेवायचं म्हणजे नेमकं त्या मधल्या पट्ट्यात ठेवायचं. खाद्यपदार्थांचे डबे विकणाऱ्या कंपनीला हे शाळेने सांगायचं!

बाईंनी उघडून देण्याबद्दलही ऐका. डब्याची सुट्टी वीस मिनिटांची. हात धुण्याच्या रांगेत पाच मिनिटं जातात. वर्गात तीस मुलं असली आणि एका डब्याला अर्धा मिनिट धरला, तर उरलेली पंधरा मिनिटं झाकणांतच संपतात. शेवटच्या बाकावरचं मूल सोबतचा सुका खाऊ खाऊन उठतं. भरलेला डबा तसाच घरी जातो, तोवर कोमट होऊन टाकायच्या लायकीचा झालेला असतो, आणि घरी समज होतो की मूल जेवत नाही.

शिवाय न उघडणाऱ्या झाकणाचं पुढे काय होतं तेही बघा. मुलं ते बाकाच्या कडेवर आपटतात, काठाला पोचा पडतो आणि डबा गळू लागतो. मोठी माणसं चमच्याचा दांडा रिंगखाली घालून हवा आत सोडतात. त्याने झाकण सुटतं, पण रिंग चिरते. चिरलेली रिंग गळते म्हणून घरून झाकण आणखी आवळून लावलं जातं. सुटी रिंग मागितली तर उत्तर येतं की ती वेगळी मिळत नाही, नवा डबा घ्या. ही रिंग दर आठवड्याला काढून धुवा, नाहीतर खाली बुरशी धरते, असं तुम्हीच लिहिलंय. रोज ओढाताण सोसणारा, काढ-घाल होणारा हा भाग सुटा विकायचा नाही, हे धोरण की चलाखी?

जाता जाता: डबा 12 सेंटिमीटर खोल आणि सोबतचा घडीचा चमचा उघडल्यावर 11 सेंटिमीटर. तो आत बुडतो, आणि बिजागरीत अडकलेलं अन्न कुठल्याच ब्रशने निघत नाही. मुलांच्या डब्याला खोली कमी आणि तोंड रुंद हवं, पण त्यावर पुन्हा कधी.

मूळ मुद्दा तोच, डबा उघडत नाही. सगळ्या डब्यांसाठी बटणाची झाकणं आणि सुट्या रिंगा पाठवा, नाहीतर डबे परत घेऊन पूर्ण पैसे द्या. तोपर्यंत खोक्यावरचं ‘मुलं स्वतः हाताळू शकतात’ हे वाक्य काढा, कारण ते खोटं आहे. तुमचे मोठ्यांचे डबे शाळेच्या शिक्षक-खोलीत वर्षानुवर्षं वापरात आहेत, म्हणूनच डोळे झाकून ही खरेदी केली होती. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर बिलं, चिरलेल्या रिंगांचे फोटो आणि तुमचं ते माहितीपत्रक घेऊन ग्राहक आयोगाकडे जाऊ. आणि उत्तरात पुन्हा ‘थोडं निववून भरा’ असंच लिहायचं असेल, तर टपालाचा खर्च वाचवा.

डब्याच्या सुट्टीची व्यवस्था पाहणारी शिक्षिका
(शाळेच्या खरेदी समितीतर्फे)